सरकलेला राखणदार

अवधूतनं ते चित्र खिडकीच्या काचेवर दाबून धरलं आणि त्याच्यामागं आमच्या जुन्या पुस्तकाचं एक पान सरकवलं. बाकीचं पुस्तक त्याच्या मनगटाखाली लोंबकळत होतं. दुपारचं ऊन दोन्ही कागदांतून आरपार आलं आणि एकाच्या अंगावर दुसरा असे दोन राक्षस दिसायला लागले.

"बघ. तोच आहे," तो म्हणाला.

"रेघेवर रेघ बसत नाहीये."

"बसणार कशी? त्रिशलानं मुद्दाम वाकडा केलाय. सरळ उचलला असता तर लगेच सापडली असती. पोट बघ, उंबऱ्यावर बसायची तऱ्हा बघ, दातात धरलेला दिवा बघ. आता हे दोन माणसांना आपापलं सुचलं म्हणतोस?"

कुठंतरी पाणी मुरतंय हे मलाही दिसत होतं, पण ते कुठं, ते कळत नव्हतं.

आधी पुस्तकाचं सांगतो. कॉलेजात असताना अवधूतच्या आतेभावानं परदेशातून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. खेळाचं पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर व्हायचं, आणि सूत्रधार सांगेल त्या भुयारात फासे टाकत शिरायचं. वाटेत काही भेटलं की सूत्रधार मजकुरावर हात ठेवून फक्त चित्र दाखवायचा: "हे तुमच्यासमोर उभं आहे. काय करताय?" मग आम्ही त्या चित्रावर तुटून पडायचो. हातात काय आहे, मागं दार आहे का, सावली कुठल्या बाजूला पडली आहे, सगळं बघायचो. आतेभावानं पुस्तक दोन दिवसांसाठी दिलं होतं, तेवढ्यात आम्ही अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून बांधून घेतली आणि त्या झेरॉक्सवर, म्हणजे आमच्या या जुन्या पुस्तकावर, कॉलेजची वर्षं काढली.

मी कायम चोर व्हायचो. बाकीचे दार उघडायला धावले की चोरानं म्हणायचं, थांबा, आधी काठीनं टोचून बघू. ती सवय मला खेळाबाहेरही जडली. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला तर मला वाटायचं, आज दुधात पाणी जास्त असणार.

नोकऱ्या लागल्यावर आम्ही दोघांनी आमचा स्वतःचा खेळ लिहिला, मराठीत. भुयारं आमची, भुतं आमची. नाव 'काळवेस'. पुण्याच्या बर्वे मॅडम तो छापायला तयार झाल्या, पण एका अटीवर. त्यांच्या एका बालपुस्तकातली चित्रं परदेशी मासिकातून उचललेली निघाली होती आणि सगळ्या प्रती रद्दीत घालाव्या लागल्या होत्या. तोंड दुधानं पोळलेलं, त्यामुळे त्या आता ताकही फुंकत होत्या. फोनवर मला म्हणाल्या, "एक जरी चित्र उचललेलं निघालं, तर पुस्तक बंद. आणि त्या चित्रकाराला पुण्यात कुणी काम देणार नाही, हे मी स्वतः बघेन."

चित्रांवरून माझं आणि अवधूतचं आधीच एक भांडण होऊन गेलं होतं. जुन्या पुस्तकांतली चित्रं काळ्या शाईची असत. बारीक रेघांच्या जाळ्या, अर्धा राक्षस अंधारात आणि उरलेला अर्धा तुम्ही मनात पुरा करायचा. पुढं रंगीत, गुळगुळीत पुस्तकं आली. त्यातले योद्धे व्यायामशाळेच्या पाटीवरून उतरून आल्यासारखे. अवधूतला तसं हवं होतं. माझं म्हणणं, ज्या राक्षसाचे दात मोजता येतात त्याला कोण घाबरणार?

त्रिशला चौगुलेची चित्रं आली आणि ते भांडण मिटलं. मिरजेची मुलगी, कलामहाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली. तिच्या चित्रांत करडा रंग नव्हताच. एक तर कागदाचा पांढरा, नाही तर काळाकुट्ट डाग. चित्राच्या एका कडेनं अंधाराची पट्टी आत शिरायची आणि तिथं पोचेपर्यंत माणसं, तलवारी, राक्षस सगळे लांबत जायचे. चाकावरचं ओलं मडकं कुणी काठाला धरून ओढावं, तसे. असली शैली आम्ही कुठं पाहिली नव्हती. अवधूतनं रंगाचं नाव काढणं सोडलं आणि बर्वे मॅडम म्हणाल्या, "मुखपृष्ठावर हिचं नाव घालायचं." तिचं हे पहिलंच पुस्तक होतं.

आणि मुखपृष्ठासाठी तिनं पाठवला होता हा काचेवरचा राखणदार.

"फोन लाव तिला," अवधूत म्हणाला.

मी लावला. इकडचंतिकडचं बोलून विचारलं, "त्रिशला, तू कुणाची चित्रं बघून शिकलीस गं?"

पलीकडं जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "कुणाचीच नाही. का?"

"परदेशी खेळांची पुस्तकं वगैरे पाहिली असशील ना?"

"तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली, सर. मी उभ्या जन्मात असलं पुस्तक हातात धरलेलं नाही."

मी फोन ठेवला. अवधूतनं भुवया उडवल्या.

"ती आधी गप्प बसली," मी म्हणालो.

"झालं तर मग! मॅडमना कळवून टाकू?"

"थांब. आधी काठीनं टोचून बघू."

दुसऱ्या दिवशी जुनं पुस्तक पिशवीत घालून मी मिरजेला गेलो. दवाखान्यांच्या गल्लीत त्रिशलाच्या वडिलांचं दुकान होतं. बाहेर हातात फायली घेतलेले पेशंटचे नातेवाईक, आत झेरॉक्सचं मशीन आणि मागं पडद्याआड त्रिशलाचं टेबल. वडील मशीनवर होते. टक्कल पडलेले, ठेंगणे, बोटं टोनरनं काळी झालेली. मला कुठंतरी पाहिल्यासारखे वाटले. पण माणसं मला नेहमीच कुठंतरी पाहिल्यासारखी वाटतात.

"आत जावा की," ते मान वर न करता म्हणाले. "काढत बसलीया."

त्रिशलानं मला बघून कुंचला खाली ठेवला. किरकोळ बांधा, कानाला पेन्सिल, आणि नजर अशी की आपणच काहीतरी चोरून आणलंय असं वाटावं.

"काल तुम्ही फोनवर असं का विचारलात, सर?" तिनं बसायलाही न सांगता विचारलं.

"तू माझ्यासमोर एक चित्र काढशील?"

"परीक्षा घ्यायला आलाय?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलून उपयोग नव्हता.

तिचे कान लाल झाले. पण तिनं कोरा कागद ओढला. "सांगा."

"गिऱ्हा काढ. डोहातला. माणसाला हाक मारून पाण्यात ओढतो तो." आमच्या जुन्या पुस्तकात गिऱ्हा असणं शक्यच नव्हतं.

तिनं पेन्सिलीला हातही लावला नाही. शाईत कुंचला बुडवला आणि कागदाच्या डाव्या कडेला एक जाड काळा पट्टा ओढला. त्या पट्ट्यातून पाणी आलं, पाण्यातून एक हात आला. तो हात लांबतच गेला, कोपर जिथं संपायला हवं त्याच्या पुढं गेला, आणि शेवटी बोटांपाशी येऊन एकदम साधा झाला, तुमच्याआमच्या हातासारखा. मी काठावर उभा असतो तर त्या हाताला धरून खाली उतरलो असतो.

तिच्या हातात चोरी नव्हती. कुणीही सांगितलं असतं. पण मग तो राखणदार?

"चांगला आलाय," मी म्हणालो, "पण काळी पट्टी नेहमी कडेलाच का? आणि सगळे तिकडंच का लांबतात?"

"चित्र तसंच असतंय," ती म्हणाली. हे काय विचारणं झालं, असा तिचा सूर होता.

मी पिशवीतून पुस्तक काढलं, राखणदाराचं पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. मला तिचा चेहरा बघायचा होता.

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. एका बोटानं राक्षसाच्या गालाची कड चाचपली. मग मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. राग होता.

"हे कोणी सरळ केलं?"

"म्हणजे?"

"हा माझा आहे. याला असा खुजा कुणी केला? याची मान कुठं गेली? दिवा इकडं झुकलेला असतोय, ज्वाळा पार कडेपर्यंत जाते. मी याला शाळेत असल्यापासून काढते, सर. तुमच्याकडं कुठनं आला हा?"

"कुठनं म्हणजे? पुस्तक तुझ्या शाळेच्याही आधीचं आहे."

"मग माझा कसा?"

"तेच मी विचारतोय!"

आमचे आवाज चढले असावेत, कारण पडदा बाजूला झाला आणि वडील चहाचे कप घेऊन आत आले. कप ठेवायला जागा करण्यासाठी त्यांनी पुस्तक उचललं आणि ते उचलूनच उभे राहिले. मलपृष्ठाची हिरवी कापडी पट्टी त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"ही बांधणी माझी हाय," ते म्हणाले. त्यांनी पानं चाळली. मग माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "अरे! राक्षसाचं पुस्तक! तुम्हीच की ओ ते! सांगलीत हॉस्टेलच्या कोपऱ्यावर माझं दुकान होतं, सन्मती. तुम्ही चौघं जण आलेला, आणि उद्याच्याला पाहिजे म्हणून उरावर बसलेला."

आणि मला ते आठवले, डोक्यावर केस असलेले आदगोंडा चौगुले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

"माझी अर्धी रिम खाल्ली त्या पुस्तकानं," ते त्रिशलाला कौतुकानं सांगायला लागले. "जाड किती! मधे फुगायचं, झाकण बसायचं न्हाई. दाबायला गेलं की सरकायचं. सरकलं की चित्र गेलं. परत काढायचं. चांगलं आलेलं ह्यांना दिलं."

"आणि वाया गेलेले?" मी विचारलं.

"फेकतोय व्हय? एक बाजू कोरी. पाठकोरे म्हणून हिला दिले गणितं करायला. दोन वर्षं पुरले."

त्रिशला खुर्चीवरून उठली.

"कसं सरकायचं, अण्णा?" तिनं विचारलं.

"दावतो की."

आम्ही त्यांच्यामागं बाहेर गेलो. त्यांनी राखणदाराचं पान काचेवर पालथं घातलं, झाकण टाकलं. पुस्तक मधे फुगलं आणि झाकण तिरकं राहिलं. मग त्यांनी दोन्ही तळवे झाकणावर रोवले, खांदे पुढं घातले आणि सगळा भार टाकून बटण दाबलं. काचेखालून उजेडाची पट्टी सरकत निघाली. झाकणाच्या फटीतून तो हिरवट उजेड त्यांच्या हनुवटीवर, नाकपुड्यांत, कपाळाच्या आठ्यांवर चढत गेला. आणि तेवढ्यात त्यांच्या हाताखाली पुस्तक सटकलं.

"गेलं बघा!" ते म्हणाले.

मशीननं कागद बाहेर टाकला. तो अजून गरम होता. कडेला काळी पट्टी होती, फुगलेल्या पुस्तकाची सावली. बारीक रेघांची जाळी विरघळून काळे डाग झाले होते. आणि त्या काळोखाकडं मान ओढत, दिव्याची ज्वाळा पार कडेपर्यंत नेत, त्रिशलाचा राखणदार बसला होता. तिनं पाठवलेल्या मुखपृष्ठाशी तो जवळजवळ रेघेला रेघ जुळला असता.

माझा संशय खरा निघाला होता आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

त्रिशलानं कागद हातात घेतला, पालटून कोरी बाजू बघितली, परत उलटा केला.

"भागाकार," ती म्हणाली. "भागाकार यायचा नाही मला. रडू आलं की कागद पालटायची. मागं हा असायचा." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं होतं हा मला स्वप्नात दिसलाय. सगळ्यांना तसंच सांगितलंय मी. कॉलेजात, मैत्रिणींना. म्हणजे हा माझा नव्हताच."

आदगोंडाकाका गोंधळून आमच्याकडं बघत होते. "काय झालं? काय चुकलं का माझं?"

"काही नाही, अण्णा." ती माझ्याकडं वळली. "कळवा तुमच्या मॅडमना. चोरलाय म्हणून सांगा."

आता जे झालं त्याचं मला आजही नवल वाटतं. आयुष्यभर प्रत्येक फरशी टोचून बघणारा मी, मी म्हणालो, "कशाला कळवायचं? कुणाच्या लक्षात येणार आहे? अवधूतला मी गप्प करतो. वाकडा आहे तो, सरळ नाही. वाकडा तर तुझाच आहे."

"वाकडा मशीननं केलाय."

"त्या पुस्तकाची तर आम्ही अख्खीच झेरॉक्स काढलीय. आम्ही कुठल्या तोंडानं..."

"ते तुमचं तुम्ही बघा, सर. तुम्ही अख्खं पुस्तक उचललंत ते उचललंत. माझं नाव छापणार आहे त्यावर, आणि मला कळलंय ना आता." तिनं मुखपृष्ठाचं चित्र आतून आणलं आणि आमच्यादेखत चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मला वाटलं, संपलं. बर्वे मॅडमना पुढच्याच आठवड्यात मुखपृष्ठ हवं होतं. आणि ते कुठूनतरी मिळवून दिलं असतं तरी ही मुलगी आता पुन्हा कधी कुंचला धरील का, अशी भीती मला वाटायला लागली. ती मशीनकडं बघत उभी होती. बाहेर एक बाई फायलीवर बोटं वाजवत "ओ दादा, व्हईल का लवकर?" म्हणत होती.

"अण्णा," त्रिशला म्हणाली, "परत एकदा दाबा की."

"आता काय दाबू? कळलं न्हवं?"

"पुस्तक राहू द्या तसंच. नुसतं दाबा. जोरात. उजेड येऊ द्या तोंडावर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी तळवे झाकणावर रोवले, खांदे पुढं घातले. त्रिशलानं तो गरम कागद मशीनच्याच कडेला पालथा टाकला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर, लहानपणी भागाकार करायची त्या बाजूवर, कानामागची पेन्सिल काढून रेघ मारली.

"परत," ती म्हणाली. "परत. हालू नका."

फायलीवाली बाईसुद्धा बोटं वाजवायची थांबली.

पुढच्या आठवड्यात अवधूतच्या खोलीत नवं मुखपृष्ठ आलं. वेशीत एक ठेंगणा राखणदार उभा. समोर दगडी शिळा, तिच्यावर त्यानं दोन्ही तळवे रोवलेत, सगळा भार टाकून तो ती दाबून धरतोय. शिळेच्या फटीतून उजेड फुटून त्याच्या नाकपुड्यांत शिरतोय. तो आत कशाला तरी कोंडतोय की आपल्यासाठी राखतोय, ते चेहऱ्यावरून कळत नाही. डाव्या कडेनं अंधार येतोय आणि त्याचे खांदे, दंड, मान तिकडं ओढले जातायत. हात मात्र साधे. बोटं काळी.

अवधूतनं चित्र उजेडाला धरून बघितलं. मग उठला, जुनं पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून चाळायला लागला.

"नाही सापडायचा," मी म्हणालो.

"कुठनं तरी उचललाच असणार. असलं मनानं सुचत नाही."

"उचललाय. मूळ मी बघितलंय."

तो ताडकन वळला. "कुठल्या पुस्तकात?"

"पुस्तकात नाही. तूही बघितलंयस. तूच त्याच्या उरावर बसला होतास, उद्याच्याला पाहिजे म्हणून."

मग मी त्याला सगळं सांगितलं. बर्वे मॅडमनाही सांगितलं, फाडलेल्या चित्रासकट. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "नवं चित्र पाठवा."

'काळवेस' फार खपलं नाही, पण ज्यांच्या हातात गेलं त्यांनी ते सोडलं नाही. आता माझे केस पिकलेत. अजूनही कुणी पोरं भेटली की विचारतात, काका, त्या शिळेखाली काय आहे? मी सूत्रधाराला शोभेल असा गप्प बसतो.

पहिली प्रत मात्र मी स्वतः मिरजेला नेऊन दिली होती. आदगोंडाकाकांनी हात पायजम्याला पुसले, मुखपृष्ठ दोन्ही हातांनी धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. त्यांचं त्यांना कळलं. कान लाल झाले. लेकीचे होतात तसेच.

"हात बरोबर आलेत," शेवटी ते म्हणाले. "पण एवढं दाबायचं नसतंय. काच फुटती."

मग त्यांनी पुस्तक काचेवर पालथं ठेवलं. जयसिंगपूरला बहिणीला पाठवायला म्हणून मुखपृष्ठाची प्रत काढायची होती. कोपरे जुळवले, झाकण हलक्या हातानं टेकवलं आणि जराही सरकू नये म्हणून श्वास रोखून उभे राहिले.

"सरकू द्या की, अण्णा," पडद्यामागून त्रिशला म्हणाली. "त्याशिवाय आत्तीला ते माझं वाटायचं नाही."

त्यांनी एकवार माझ्याकडं बघितलं, झाकणावर दोन्ही तळवे रोवले आणि खांदे पुढं घातले.